एकशे वीस रुपयांचं खुरपं

खुरपं वाकलं होतं. मोडलं असतं तर लोहाराला काहीतरी बोलायला जागा राहते. पाणी जास्त झालं म्हणता येतं, दगड लागला म्हणता येतं, पहारीसारखं वापरलं म्हणता येतं. वाकलेलं खुरपं एवढंच सांगतं की त्यात पाणी नव्हतंच.

देवणीच्या आठवडी बाजारात मी पोतं अंथरून बसतो. त्यावर विळे, खुरपी, दोन-चार कुऱ्हाडी. ती बाई आली तेव्हा समोर तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. तिनं एकशे वीस रुपयांना नेलेलं खुरपं पोत्यावर ठेवलं. "दादा, चार दिस बी झालं नाहीत, बगा की." मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. म्हणालो, "मावशी, दगडावर घातलाव तुम्ही." ती म्हणाली, "काळ्या रानात खुरपूलाले, दगुड कुठला आला?" मी हसलो. मी हसलो म्हणून शेजारचे दोघंही हसले. तिनं खुरपं उचललं आणि गेली. भांडली असती तर मी कदाचित दुसरं दिलं असतं, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. भांडली असती तर मी आणखी मोठ्यानं बोललो असतो.

कारण मला माहीत होतं. ते खुरपं मी बांधकामाच्या उरलेल्या सळईचं केलं होतं. एका घराचा स्लॅब पडल्यावर राहिलेले तुकडे मला भंगारच्या भावात मिळाले होते. सळईत कार्बन असतो पाव टक्क्याच्या आतबाहेर. तापवून पाण्यात बुडवल्यावर लोखंड खऱ्या अर्थानं कडक व्हायचं तर तो निदान त्याच्या दीडपट, दुप्पट लागतो. आमच्या लोहारसाळेत कार्बन हा शब्द नाही. तिथं म्हणतात, हे लोखंड पाणी धरत नाही. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या मामांनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं की सळईचा खिळा कर, आकडा कर, बिजागरी कर, पण ज्याला धार लावायची ते सळईचं करू नकोस. मी ते विसरलो नव्हतो. सळई लवकर तापते, ऐरणीवर लोण्यासारखी पसरते, एका दिवसात चाळीस खुरपी होतात आणि विकताना चांगल्या खुरप्याशेजारी ठेवली तर कुणाला फरक कळत नाही. फरक रानात कळतो.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी मी स्वयंपाकाचा सुरा घडवत होतो. किंमत दोन हजार आठशे. त्याच्यासाठी उदगीरच्या भंगारातून ट्रकच्या कमानीचा पाटा शोधून आणला होता. तीन पाटे नाकारून चौथा घेतला. तापलेल्या पात्याला लोहचुंबक धरून पाहिलं, कारण साधारण 770 अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं आणि त्याच्या जरा वर गेलं की बुडवण्याची वेळ आली असं समजायचं. पाण्यात हा पाटा तडकण्याची भीती, म्हणून करडईचं तेल गरम करून त्यात बुडवला. मग गरम वाळूत ठेवून पात्यावर पेंढ्याचा पिवळसर रंग चढेपर्यंत हललो नाही. हे सगळं मोबाइलवर टिपलं. मूठ बाभळीची, तिलाही तीनदा तेल पाजलं. तो सुरा आज पुण्यात एका भिंतीवर चुंबकी पट्टीला लटकतो. त्याचा फोटो मला आला आहे. त्यानं कांदा-टोमॅटो कापला जात असेल, तेही रविवारी.

आणि जे खुरपं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एका बाईच्या हातात चालणार होतं, ज्याच्यावर तिची पात मागं राहणार की पुढं जाणार हे ठरत होतं, त्याला मी सळई दिली.

इथं मला स्वतःशी हिशेब करायचा आहे. चूक म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. चूक म्हणजे रंग ओळखता न येणं, आणि ती माझी शंभर वेळा झाली आहे. इथं मी रंग ओळखला, लोखंड ओळखलं, गिऱ्हाईकही ओळखलं आणि त्याप्रमाणे माल वाटला. ज्याच्या हातात फोन आहे, जो चार लोकांत माझं नाव काढेल, त्याला पोलाद. जिचं बोलणं रानाच्या बांधापलीकडे जात नाही, तिला सळई. बाकी कारागिरीबद्दल मी जे काही बोलत फिरतो त्याच्या खाली हे वाटप पडलेलं आहे.

बोलत फिरतो, हे खरंच. लोहारकाम करतो असं सांगितलं की लोकांचे चेहरे उजळतात. पन्नाशीच्या पुढची माणसं हमखास ‘साधी माणसं’मधलं ऐरणीचं गाणं गुणगुणतात. भालजी पेंढारकरांचा हा चित्रपट 1965 सालचा. लोहार नवरा-बायकोची गोष्ट, जयश्री गडकर आणि सूर्यकांत. त्या गाण्यानं लोहाराच्या भट्टीला देवघराचा उजेड दिला आणि मी त्या उजेडात फुकट उभा राहतो. कुणी विचारलं की या कामाकडे कसा वळलास, तर माझ्याकडे तयार उत्तर असतं: यंत्राच्या कामात जीव रमेना, हातानं काही घडवायची ओढ होती. ऐकणारा मान डोलावतो.

खरी गोष्ट अशी की मी आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात अकरा महिने वेल्डिंग केलं आणि 2020 साली सगळं बंद पडलं तेव्हा गावाकडे आलो. परत बोलावणं आलं नाही. घरी बसलेल्या पोराकडे वडील ज्या नजरेनं बघतात ती चुकवायला मी मामांच्या सावलीत जाऊन बसू लागलो. पहिले पंधरा दिवस नुसता बसलो. ओढबिढ काही नव्हती. साळेत अंधार असतो, तो मला बरा वाटला. तो अंधार कशासाठी असतो हे नंतर कळलं. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग दिसत नाही, लाल कुठला आणि केशरी कुठला हे सावलीतच समजतं. मला मात्र तो तोंड लपवायला उपयोगी पडला होता. पुढं काम आवडायला लागलं हेही खरं आहे. पण ओढ कामातून आली, ओढीमुळे मी कामाला आलो नाही. हे साधं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते व्हिडिओत चांगलं दिसत नाही.

आमचं घर शेतकऱ्याचं. खळ्यावर लोहाराला पेंढ्या देणाऱ्यांचं, घेणाऱ्यांचं नाही. बारा बलुत्यांत लोहार-सुतार मानाच्या पहिल्या ओळीतले म्हणतात. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचा सगळा पसारा सापडतो. तो वाचताना मला आमच्या आजोबांचा आवाज ऐकू येत राहिला. आजोबा मामांच्या वडिलांना "ए लोहारा" म्हणत. तो माणूस वयानं आजोबांपेक्षा मोठा होता. खळं झाल्यावर तो पेंढ्या न्यायला आला की आजोबा पेंढी हातात तोलून, थोडी बारीक बघून द्यायचे. हे घरात हसत सांगितलं जायचं, मीही हसत ऐकलं आहे. वर्षभर फाळ शेवटून घ्यायचा, वखराची पास पाजून घ्यायची, तिफणीची फारुळी बदलून घ्यायची आणि देताना पेंढी तोलायची. आता माझ्या लक्षात येतं की मी सळईचं खुरपं केलं तेव्हा माझ्या हातात आजोबांचाच तराजू होता. उसना आणावा लागला नाही, घरचाच निघाला.

मामा मला काय म्हणतात हे सांगायला हवं. ऐरणीवर "अरे गाढवा, काय बघूलालास, मार! थंड होऊलालंय." त्या वेळी मी त्यांचा चेला असतो. पण बाजारात, चार लोकांत, किंवा आमचे वडील समोरून आले की मामा मला "मालक" म्हणतात. सत्तरीचा उस्ताद पंचविशीच्या चेल्याला मालक म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मामा, असं म्हणू नका, म्हणालो. ते म्हणाले, "तोंडाला सवय हाय." मी ते एकदाच म्हणालो. पुन्हा म्हणालो नाही, कारण दुसऱ्यांदा ऐकताना काटा जरा कमी आला होता आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. आता तो शब्द माझ्या कानाला सहज लागतो. यात सगळ्यात वाईट वाटतं ते हेच.

जगही मला मालकासारखंच वागवतं. मी घडवलं की ती कला होते, मामांनी घडवलं की ते लोहाराचं काम असतं. उदगीरच्या रस्त्याला घिसाड्यांची पालं पडतात. तिथं बाई घण मारते आणि नवरा सांडशीत लोखंड धरून फिरवतो. मी अर्ध्या तासात दमतो तो घण ती पोर पाळण्यात टाकून दुपारभर चालवते. तिचं नाव कुणी विचारत नाही. एकदा तिथं थांबून मी तिचा व्हिडिओ काढला, दहा-बारा सेकंदांचा, माझ्या कामाच्या व्हिडिओत मध्ये जोडायला. विचारलं नाही. तिनं घण थांबवला नाही, फक्त पदर ओढून घेतला. तो तुकडा मी नंतर काढून टाकला. पण लाजेपोटी नव्हे, उजेड चांगला नव्हता म्हणून.

आणखी एक फुशारकी लिहून टाकतो. दोन वर्षांपूर्वी वाचनात आलं की आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे, तिथं बंद मुशीत पोलाद वितळवत. ते घ्यायला इराणी व्यापारी येत, आणि ज्या तलवारींना जग दमास्कसच्या म्हणतं त्यांच्यासाठी असल्या मुशीतल्या पोलादाला मोठी मागणी होती. हेन्री व्हॉयसी या इंग्रज अधिकाऱ्यानं ते काम पाहून लिहून ठेवलेलं वर्णन 1832 साली छापलं गेलं. युरोपात या पोलादाला वूट्झ म्हणत. त्याचं मूळ बहुधा आपल्या सीमेपलीकडच्या कानडी ‘उक्कु’त आहे. मी वेडा झालो. देवणीचा हा भाग 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात, 1956 पर्यंत तर बिदर जिल्ह्यातच होता. मग काय, माझ्या सुऱ्याच्या फोटोखाली मी लिहायला लागलो: ‘दख्खनच्या पोलादाचा वारसा’. तो सुरा होता ट्रकच्या जुन्या कमानीचा. कारखान्यात तयार झालेलं पोलाद, त्यावर लाख-दोन लाख किलोमीटरची धूळ. मामांना मी कोनासमुद्रमची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मग ते आता तिथं करत्यात का?" नाही म्हणालो. "हां," म्हणाले आणि पुन्हा विळ्याकडे वळले. पोलादाला मराठीत जुना शब्द ‘तिखं’ असा आहे. तो मला शब्दकोशात सापडला होता आणि मामांच्या तोंडी तो रोजचा होता. मी तो शब्द सापडला म्हणून मिरवला. त्यांनी तो कधी हरवलाच नव्हता.

मामा पाणी कसं देतात ते बघण्यासारखं आहे. चुंबक नाही, तेल नाही. विळा तापवतात, फक्त धारेची कड पाण्यात टेकवतात आणि लगेच बाहेर काढतात. धार काळी पडलेली असते, पाठ अजून लाल. विटेच्या तुकड्यानं धार घासून उजळ करतात आणि थांबतात. पाठीतली उष्णता धारेकडे सरकायला लागते आणि तिच्यापुढं रंग पळतात: आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. विळ्याला जांभळ्याच्या अलीकडे थांबवायचं, कुऱ्हाडीला थोडं पुढं जाऊ द्यायचं, कारण कुऱ्हाडीला घाव सोसायचा असतो. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ, हे मला पाठ आहे. मामांना आकडा नको, त्यांना क्षण हवा असतो. तो क्षण आला की विळा सबंध पाण्यात. असे विळे त्यांनी किती केले असतील कोण जाणे, पण गिऱ्हाईक कोण हे विचारून पाणी दिलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा उधारी बुडवणाऱ्या एका माणसाचा फाळ ते शेवटत होते. मी म्हणालो, मामा, याला कशाला एवढं? ते म्हणाले, "फाळ त्याचा हाय व्हय? रानाचा हाय." बास. पुढं काही नाही.

तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. वहीत लिहून ठेवलं. वहीत लिहून ठेवलं तरी त्यानंतर वर्षभरात मी सळईची खुरपी केली.

देवणी म्हटलं की बाहेरच्यांना बैल आठवतो. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरं यांच्या मिश्रणातून उतरलेली ही जात. वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून प्रकार. लोहाराचा सगळा धंदा या बैलाच्या मागंमागं चालायचा. फाळ, पास, कोळप्याचं पातं, पायाची पत्री, गाडीची धाव. सगळ्या शिवारात सोयाबीन आणि तूर आली, पेरणीला ट्रॅक्टर आला, बैल कमी झाला तसं मामांचं काम खुरपं-विळ्यापुरतं उरलं. धाव चढवणं मी फक्त ऐकलं आहे. शेणकुटाच्या गोल आगीत धाव तापवायची, सांडशांनी तिघांनी उचलून लाकडी चाकावर टाकायची आणि पाणी ओतायचं. पाच फुटी चाकाची धाव पाचशे अंश तापली तर घेरात साधारण इंचभर वाढते. थंड होताना तेवढीच आवळते आणि आरे तुंब्यात असे बसतात की कडकड आवाज येतो. हा हिशेब मी कागदावर केला. तो आवाज मामांच्या कानात आहे. धाव किती अंगळं कमी ठेवायची, हे त्यांनी कुठल्या मापानं ठरवलं, हे मला त्यांना विचारायचं आहे, चार वर्षांपासून विचारायचं आहे. मी त्यांना बाभळीच्या कोळशाबद्दल विचारतो, पाटा कुठून आणावा ते विचारतो. ज्याला आता गिऱ्हाईक नाही ते विचारायला मला वेळ होत नाही.

वेळेचं आणखी एक. 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय, त्यात लोहार. अवजारांसाठी पंधरा हजार, पुढं पाच टक्के व्याजानं कर्ज. मामांना मी म्हणालो, तुमचा अर्ज मी भरतो, आधार आणि बँकेचं पासबुक तेवढं आणून ठेवा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणले आणि भात्याच्या वरच्या फळीवर ठेवले. ते पुष्कळ दिवस तिथंच होते. माझा अर्ज मी आधी भरला. मामांच्या पिशवीवर काजळी बसली, मग एक दिवस ती फळीवर दिसली नाही. त्यांनी ती घरी नेली होती. मला बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

ही यादी वाढत चालली आहे आणि तिचाही मला संशय येतो. इतकं सगळं कबूल करून टाकलं की माणूस हलका होतो आणि कबुलीचाही एक दिमाख असतो. बघा, मी किती प्रामाणिक. त्या बाईला यातलं काय मिळालं? तिला मिळालं एक वाकलेलं खुरपं आणि बाजारात दोन माणसांचं हसणं.

म्हणून मी एक खुरपं केलं. सुऱ्यातून उरलेल्या कमानपाट्याचं. मामांच्या पद्धतीनं पाणी दिलं, रंग तांबूस झाल्यावर थांबवला. मुठीला नवं मांदण बसवलं. मामांनी ते उचललं, नखावर धार टेकवून पाहिली, ऐरणीच्या कडेवर हलकेच वाजवलं आणि बाजूला ठेवलं. चांगलं असलं की ते काही म्हणत नाहीत. कुणासाठी ते मी सांगितलं नाही, त्यामुळे त्यांनी विचारलंही नाही. सळईची गोष्ट त्यांना अजून माहीत नाही, किंवा मला तसं वाटतं.

ते खुरपं पिशवीत घालून मी दर बाजाराला नेऊ लागलो. ती दिसली की द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण अडचण अशी झाली की मला तिचा चेहरा आठवेना. गर्दीतल्या प्रत्येक बाईकडे बघायचो. कुंकू होतं का, पातळ कुठल्या रंगाचं, वय किती, काहीच नाही. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, गिऱ्हाइकांकडे पाहत होतो. तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, एवढं आठवतं. चिंधी एव्हाना सुटली असणार.

सात-आठ बाजार गेले. मागच्या बाजारात एक बाई पोत्यासमोर बसली, एकेक खुरपं उचलून मुठीत धरून बघू लागली. एकही पसंत पडेना. पिशवीतून पातं बाहेर आलं होतं, तिकडे बोट करून म्हणाली, "ते दावा की." मी दिलं. तिनं मनगट हलवून पाहिलं, अंगठ्यानं धार चाचपली आणि म्हणाली, "ह्याला कितीक?"

ते विकायचं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. समोर दोन-तीन गिऱ्हाईकं थांबलेली होती. दीडशे, म्हणालो. तिनं चोळीतली पुरचुंडी सोडली, एक शंभराची, एक पन्नासाची नोट काढून दिली. मी घेतली.